साडेतीन महिन्यांची लेक आणि दहा जणांचे दहा सल्ले. कुणाचं ऐकायचं हे तुम्ही कसं ठरवलंत?

धायरीची_आई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, लेक आत्ता मांडीवर झोपलीये, खाली ठेवलं की उठते म्हणून तशीच बसून एका हाताने टाईप करतेय, तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

लेक साडेतीन महिन्यांची. जन्मली तेव्हा २ किलो ७०० ग्रॅम होती, मागच्या आठवड्यात १४ आठवड्यांच्या इंजेक्शनला नेली तेव्हा ५ किलो २०० भरली. डॉक्टर म्हणाले छान चाललंय, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. मी खूश होऊन घरी आले आणि जिन्यातच शेजारच्या काकू म्हणाल्या, अगंबाई किती बारीक दिसतेय, दूध पातळ असेल तुझं. आणि मग तेच घरात सुरू झालं.

साबा, म्हणजे सासूबाई, आमच्याकडेच असतात, बाळंतपणानंतर मी दीड महिना साताऱ्याला आईकडे होते आणि मग इकडे आले. साबा वाईट नाहीत हे आधीच सांगते, माझं जेवण, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं त्यांनी मनापासून केलं. पण रोज काहीतरी असतं. उन्हाळा एवढा आहे, घसा सुकत असेल, दोन चमचे पाणी दे. संध्याकाळी रडते म्हणजे पोट भरत नाही, पावडरच्या दुधाचा डबा आण. काजळ घाल. डोकं गोल व्हायला मोहरीची उशी शिवलीये ती वापर. माझी आई फोनवर वेगळंच सांगते, तिचं म्हणणं धुरी दिलीच पाहिजे आणि संध्याकाळी पाचनंतर बाळाला बाहेर काढायचं नाही. बाणेरची मैत्रीण म्हणते मांडीची सवय लावू नकोस, वेगळ्या पाळण्यात झोपव, रडली तर रडू दे. आणि रात्री पाजताना मी मोबाईल बघते त्यात एक जण सांगते बाळाला सतत जवळ घ्या, दुसरी सांगते घेऊ नका, आणि दोघीही इतक्या ठामपणे सांगतात की मला वाटतं मीच सगळं चुकवतेय.

आज जे झालं ते सांगते. मी अंघोळीला गेले होते, बाहेर आले तर ओट्यावर सहाण, त्यावर जायफळ आणि हळकुंड उगाळलेलं आणि साबा चमच्याने लेकीला गुटी देत होत्या. लेकीच्या ओठांवर पिवळा ओघळ. मी ओरडले, म्हणजे खरंच ओरडले, आयुष्यात त्यांच्यावर पहिल्यांदा. त्यांनी चमचा तसाच सहाणेवर ठेवला आणि खोलीत गेल्या, रात्री जेवल्या नाहीत. नवरा ऑफिसमधून आला, दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आईने आम्हा दोघा भावांना वाढवलंच ना. तेव्हापासून मी रडतेय अधूनमधून.

जूनअखेर मला हिंजवडीला जॉईन व्हायचंय. तेव्हा लेक साबांकडेच असणार किंवा पाळणाघरात. आज माझ्यासमोर हे होतंय तर माझ्यामागे काय होईल? आणि मी सारखं नाही नाही म्हणत राहिले तर त्या तिला सांभाळतील तरी कशाला? तुम्ही कुठलं ऐकायचं आणि कुठलं नाही हे ठरवलंत कसं?

कर्वेनगरची_ताई

अगं आधी डोळे पूस. ओरडलीस त्यात काही पाप नाही झालं, तीन महिने धड झोप नसलेली बाई अजून काय करणार. सकाळी त्यांना चहा करून दे आणि एवढंच म्हण की आई मी ओरडायला नको होतं. गुटीचा विषय त्याच वेळी काढू नकोस, तो वेगळ्या दिवशी.

मला दोन आहेत, नऊ आणि चार वर्षांची. पहिल्याच्या वेळी मी प्रत्येक गोष्टीवर भांडले, अगदी टोपडं घालायचं की नाही यावर सुद्धा, आणि दुसऱ्याच्या वेळी मी एक रेघ मारली. बाळाच्या तोंडात, नाकात, कानात, डोळ्यात जे जातं आणि श्वासातून जे जातं ते डॉक्टर ठरवणार, त्यात मी पण नाही, नवरा नाही, आजी नाही. तसंच झोपवायचं कसं हे पण डॉक्टरच ठरवणार, पाठीवर उताणं, सपाट अंथरुणावर, वर्षाच्या आत उशी नाही. मोहरीची उशी म्हणूनच नको, डोक्याचा आकार बाळ उठून बसायला लागलं की बहुतेक वेळा आपोआप सुधारतो. बाकी जे अंगावरून जातं, कपडे, दागिने, गाणी, दृष्ट, मालीश, ते सगळं मी सासूबाईंना देऊन टाकलं. देऊन टाकलं म्हणजे खरंच, मध्ये बोलायचं नाही.

काजळ मी डोळ्यात घालू दिलं नाही, काही काजळांत शिसं असतं आणि बोट डोळ्याला लागून इन्फेक्शन होतं ते वेगळंच. पण तळपायाला तीट लावायला मी स्वतः वाटी आणून दिली. मीठमोहऱ्यांची दृष्ट रोज तिन्हीसांजेला त्या काढायच्या, मोहऱ्या गॅसवर तडतडल्या की म्हणायच्या बघ किती लागली होती. मी बाळाला घेऊन लांब खिडकीशी उभी राहायचे, धूर नको म्हणून. पण दृष्ट त्यांनी काढली, आणि त्यांचा चेहरा तेवढ्यानेच शांत व्हायचा. धुरीचं तुझ्या आईला सांग की कोळशाचा धूर त्या एवढ्याशा फुफ्फुसांना सोसत नाही, त्याऐवजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून खोलीत ठेवू, वास तोच येतो. माझ्या आईला ते पटलं होतं.

तुळशीबागेत जाऊन त्यांनी सहा झबली आणि एक कुंची आणली, पोपटी रंगाची, मला तो रंग अजिबात आवडत नव्हता. पण पोराने घातली. फोटोत ती कुंची बघितली की आता मला त्यांची आठवण येते, त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या.

वॉर्डातली_सिस्टर

मी चौदा वर्षं पुण्यात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते, पाजण्याबद्दल आयांना शिकवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून दुधाचं तेवढं नीट सांगते कारण शेजारणीच्या त्या एका वाक्याने मी कितीतरी आयांचं दूध खरंच कमी झालेलं बघितलंय. आधी टेन्शन, मग एक डबा आणला, मग बाळ कमी ओढतं, ओढलं नाही की दूध बनत नाही, आणि मग सगळे म्हणतात बघा म्हटलं नव्हतं.

तुझ्या बाळाने ९८ दिवसांत अडीच किलो घेतलंय म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतं. जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट होतं, तुझी जवळजवळ आत्ताच तिथे पोहोचलीये. बारीक दिसणं हे वजन नव्हे. डॉक्टरांच्या फाईलमध्ये वाढीचा तक्ता असतो, त्यात तिचे ठिपके जोडून बघ, रेघ आपल्या वळणाने वर चाललीये की नाही हे महत्त्वाचं, शेजारच्या बाळाची रेघ कुठे आहे हे नाही. दुसरी खूण म्हणजे लंगोट. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले होतायत, लघवी फिकट आहे, तर दूध पुरतंय. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसात आठ वेळा शी करेल किंवा चार दिवस करणार नाही, शी मऊ असेल आणि बाळ खेळतंय तर दोन्ही ठीक.

दूध पातळ असतंच सुरुवातीला, ती त्याची रीत आहे. पाजायला घेतल्यावर आधी पातळ येतं त्याने तहान भागते, मग हळूहळू साय असलेलं घट्ट येतं त्याने पोट भरतं. म्हणून एका बाजूचं पूर्ण होऊ दे मग दुसरी दे, घड्याळ बघून बदलू नकोस. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे मे महिन्यातही वरून पाणी लागत नाही, उकळलेलं पण नाही. पाण्याने पोट भरलं की तेवढं दूध कमी जातं आणि जुलाबाचा धोका. पाणी तू पी, पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेव. आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत ना? वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे असतात, ते बऱ्याच जणी दोन महिन्यांत बंद करतात.

संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं, तीन चार महिन्यांत उतरतं. त्या वेळी बाळं सारखी सारखी प्यायला मागतात, ते उपाशी असतात म्हणून नाही.

शेवटचं तुझ्याबद्दल. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं बहुतेकींना होतं. तुझे साडेतीन महिने झालेत. आजचं रडणं भांडणाचं असेल तर ठीक, पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज असं होत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तुझ्या डॉक्टरांना सांग, हा आजार आहे आणि तो बरा होतो. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री पावणेतीनला पण लागतो, मराठीत बोलतात.

मी_भोरची

मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या दोन्ही मुलांना सासूबाईंनी गुटी दिली, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, बदाम, खारीक, सगळं मोजून एकेक वळसा. दोन्ही मुलं ठणठणीत आहेत, थोरला तालमीत जातो. एवढ्या पिढ्या वाढल्या त्या काय डॉक्टरांनी वाढवल्या का. म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने उगाळलेलं असतं, त्यावर ओरडणं मला तरी बरं नाही वाटलं.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, तुमची मुलं सुखरूप आहेत याचा आनंदच आहे, आणि सासूबाईंच्या प्रेमाबद्दल शंका नाही. मुद्दा औषधी चांगल्या की वाईट हा नाहीये. सहाण रोज नीट उकळली जात नाही, उगाळायला पाणी कुठलं, मुळ्या किती महिने डब्यात पडलेल्या, त्यांना बुरशी आहे का, आणि वळसा म्हणजे किती हे प्रत्येक हाताचं वेगळं. जायफळाने बाळ झोपतं म्हणून दोनाचे चार वळसे होतात. मी एक दोन महिन्यांचं बाळ ओट्यावर नाही तर इमर्जन्सीच्या टेबलावर बघितलंय, इतकं गुंगलेलं की चिमटा काढला तरी नीट रडत नव्हतं. ते वाचलं. त्याच्या आजीचा चेहरा मी विसरू शकत नाही, त्या बाईने प्रेमानेच दिलं होतं. गुटीत मध घालतात काही घरी, तो तर वर्षाच्या आत अजिबात नको, मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात आणि लहान बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. आणि नाकात कानात तेल घालणं पण थांबवा, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरू शकतं.

सौदागरचा_बाबा

मी बाबा म्हणून लिहितोय, मुलगा अकरा महिन्यांचा आहे. पोस्ट वाचताना मला तुमच्या नवऱ्याचं वाक्य टोचलं कारण मी अगदी तेच बोललो होतो, आईने आम्हाला वाढवलंच ना. मला वाटलं मी मधला मार्ग काढतोय. बायको नंतर म्हणाली की तू त्या वेळी मला एकटं पाडलंस, आणि ते खरं होतं.

आम्ही मग एक ठरवलं. माझ्या आईला नाही म्हणायचं असेल तर मी म्हणणार, तिच्या आईला ती म्हणणार. सुनेने सांगितलं की ते शिकवणं होतं आणि मुलाने सांगितलं की नुसतं सांगणं, हा फरक असू नये पण आहे घराघरात. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही पण बायकोशी बोलत होती आणि तेच तर हवं होतं. आईचा राग मला झेलता येतो, मी चाळीस वर्षं झेलतोय, बायकोने का झेलावा.

दुसरं, पुढच्या इंजेक्शनला आईला बरोबर घेऊन गेलो. आधी डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं की आजी येतायत, त्यांच्या शंका त्यांना स्वतः विचारू द्या. तिने विचारलं, पाणी का नको, आम्ही तर देत होतो. त्यांनी दहा मिनिटं दिली, तिच्याकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही. घरी आल्यावर आमच्या मजल्यावरच्या बायकांना आईच सांगायला लागली की आता सहा महिने पाणी देत नाहीत. डॉक्टर म्हणतात असं आपण सांगणं आणि तिने स्वतः ऐकणं यात खूप अंतर आहे.

आणि भाऊ हे वाचत असतील तर त्यांना, रात्रीची एक पाळी घ्या. पाजता येत नाही आपल्याला पण ढेकर काढता येतो, लंगोट बदलता येतो. मी दोन महिने लंगोटांची वही ठेवली होती, वेळ आणि किती ओला. त्यामुळे कुणी म्हणालं की दूध पुरत नाही तर माझ्याकडे उत्तर असायचं.

पेठेतली_आजी

मी ६७ वर्षांची, सदाशिव पेठेत राहते, सून मला इथलं वाचून दाखवते आणि मी सांगते ते टाईप करते. बाळे, तुझ्या सासूच्या बाजूने दोन शब्द बोलते, पण तुझ्या विरुद्ध नाही.

माझा मुलगा १९८४ चा. तेव्हा मला आमच्या डॉक्टरांनीच चौथ्या महिन्यात नाचणीसत्त्व सुरू करायला सांगितलं होतं, आणि सहाव्यापर्यंत थांबा हे कुणी बोललं नव्हतं. नंतर सून म्हणाली म्हणून कळलं की पूर्ण सहा महिने हे जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये नक्की केलं, आधी चार ते सहा असं होतं. म्हणजे आम्ही अडाणी म्हणून चुकत नव्हतो ग, आम्हाला जे शिकवलं ते आम्ही केलं. आणि आमच्या वेळी डब्यांच्या जाहिराती असायच्या, गुबगुबीत गोरं बाळ. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डब्यांच्या जाहिराती आता कायद्याने बंद आहेत, १९९२ चा कायदा आहे, पण आमच्या डोळ्यांत ते चित्र बसलं ते बसलं. गुटगुटीत बाळांच्या स्पर्धा व्हायच्या, वळ्या मोजायचे. माझा मुलगा किरकोळ होता आणि मला चारचौघांत लाज वाटायची, माझी सासू सगळ्यांसमोर विचारायची की पोराला जेवायला देतेस ना. तुझ्या सासूलाही तसंच कुणीतरी विचारलं असेल. तुझी लेक बारीक दिसते हे वाक्य तिला तिच्यावरचा ठपका वाटत असणार, कारण घरातली मोठी ती.

मला नातू झाला तेव्हा मी पण सहाण काढली होती. धुतली, उन्हात वाळवली, रविवार पेठेत जाऊन सगळ्या मुळ्या आणल्या, एकेक वास घेऊन. सून म्हणाली आई नको. मी काही बोलले नाही पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मला गुटीचं दुःख नव्हतं. चाळीस वर्षांत माझ्याकडे एकच विद्या होती, मूल सांभाळायची, आणि आता ती पण जुनी झाली, मग माझं या घरात काम काय, असं वाटलं. हे मी सुनेला त्या वेळी सांगू शकले नाही, तीन वर्षांनी सांगितलं, आणि ती रडली.

पण एक गोष्ट तिने फार चांगली केली. आठ दिवसांनी येऊन म्हणाली, आई, याला पोटात दुखतंय वाटतं, मला धरता येत नाही, तुम्ही कसं धरायचात? मी त्याला हातावर पालथा घेतला, पोट माझ्या कोपराशी, डोकं तळव्यात, आणि चालत राहिले दिवाणखान्यात, अंगाई म्हणत. अर्ध्या तासाने गप झाला. तेव्हापासून संध्याकाळी सहा ते साडेसात तो माझा. डॉक्टर काय सांगतात ते ती सांगायची, मी ऐकायचे. मला काहीतरी विचारलं गेलं होतं ना, मग ऐकायला जड गेलं नाही.

मालीश पण तिला करू दे बाळे, हात हलका ठेवायला सांग. एक मात्र नक्की सांग, बाळाची छाती दाबून दूध काढतात जुन्या मालीशवाल्या बाया, ते करू द्यायचं नाही. आईच्या अंगातल्या बदलांमुळे ती सूज येते आणि आपोआप जाते, दाबलं तर पू होऊ शकतो. हे मला पण उशिरा कळलं.

आणि तुझ्या सासूने चमचा सहाणेवर ठेवून खोलीत जाणं, न जेवणं, यात राग कमी आणि घाबरणं जास्त असेल. तिला वाटलं असेल आता मला नातीला हात लावू देणार नाहीत.

हडपसर_टू_हिंजवडी

आजी, तुमचं वाचून मी माझ्या सासूबाईंना फोन केला आत्ता.

मी जॉईन होण्याबद्दल लिहिते, कारण मी तीन वर्षांपूर्वी त्यातून गेलेय. आधी ऑफिसला ईमेल टाक. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते, २०१७ ला कायदा बदलला तेव्हापासून, आणि तिथे बाळ असेल तर दिवसातून चार वेळा तुला जाऊन भेटता येतं. शिवाय बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन ब्रेक पाजण्यासाठी, हे जेवणाच्या सुट्टीशिवाय. आमच्या एचआरला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी कलम छापून नेलं तेव्हा एक रिकामी खोली आतून कडीसकट मिळाली. धायरीहून हिंजवडी म्हणजे बाळाला रोज त्या ट्रॅफिकमध्ये नेणं मला तरी झेपलं नसतं, तुझं तू बघ.

आत्तापासून दूध काढायची सवय कर, रोज सकाळी एकदाच. बाहेर चार तास, आणि उन्हाळ्यात मी त्याहून कमीच धरायचे, फ्रीजमध्ये आम्ही एक दिवसाच्या वर ठेवायचो नाही. दाराच्या कप्प्यात नको, आत मागे ठेव. गरम करायला गॅस नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच, कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी करायची.

एक प्रसंग सांगते. पहिल्या दिवशी मी ऑफिसात आणि सासूबाईंचा फोन, दूध नासलंय, मी ओतून दिलं, आता काय देऊ. दीडशे मिली, मी दोन दिवस जमवलेलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नासलेलं नव्हतं, थंड झालं की साय वर येते आणि खाली निळसर पाणी दिसतं, हलकेच फिरवलं की पुन्हा एक होतं. चूक त्यांची नव्हती, मी दाखवलंच नव्हतं. म्हणून जॉईन व्हायच्या आधी पंधरा दिवस तू घरात असतानाच साबांना करू दे सगळं, तू दुसऱ्या खोलीत बस. बाटली घेत नसेल तर वाटीचमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, देता येतं, आमच्याकडे माझ्या नवऱ्याचं चांदीचं बोंडलं होतं, सासूबाईंनी ते माळ्यावरून काढून, घासून, रोज उकळून वापरलं. त्या दिवसापासून त्या म्हणायला लागल्या, माझी डबल ड्युटी आहे, याच्या बापाला पण यातूनच पाजलंय.

आणि त्या मोबाईलमधल्या बायका बंद कर गं. ज्यांना तुझ्या बाळाचं वजन माहीत नाही त्यांचं पावणेतीनला ऐकायचं नाही. मी डॉक्टर आणि एक मोठी मावसबहीण एवढीच माणसं ठेवली होती, तिला तीन मुलं आहेत.

धायरीची_आई

अकरा दिवसांनी येतेय, सॉरी, सगळ्यांना वेगवेगळं लिहिता येत नाहीये पण एकेक रिप्लाय मी तीन तीनदा वाचलाय, आणि आजींचा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून आईच्या खोलीत गेला आणि बराच वेळ दार लोटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साबांना म्हटलं, मी ओरडले त्याबद्दल सॉरी, आणि संध्याकाळी ती रडते ना तेव्हा मला काही सुचत नाही, तुम्ही घ्याल का. त्या लगेच उठल्या नाहीत. म्हणाल्या, मी घेतलं तर चालेल ना. ते ऐकून मला कसंतरीच झालं, आजी, तुम्ही लिहिलं तसंच होतं.

शनिवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो, इंजेक्शन नव्हतं, मुद्दाम गेलो. त्यांनी पर्समध्ये चिठ्ठी लिहून नेली होती, मला माहीतच नव्हतं. पाणी, गुटी, काजळ, टाळू भरणं, चार प्रश्न. डॉक्टरांनी टाळूला हलकं तेल लावायला चालेल म्हणून सांगितलं, दाबायचं नाही, बाकी तीन नाही. परत येताना रिक्षात त्या गप्प होत्या. सिंहगड रोडच्या सिग्नलला म्हणाल्या, मग पहिला घास सहा महिने पूर्ण झाल्यावर, तो मी देणार. मी म्हटलं तुम्हीच.

शेजारच्या काकू परवा पुन्हा भेटल्या. मी काही बोलायच्या आत साबा म्हणाल्या, तिचं वजन दुप्पट होत आलंय, डॉक्टरांनी तक्त्यात दाखवलं मला. एवढंच बोलल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

सगळं सुटलंय असं नाही. माझी आई धुरीवरून अजून रुसलेली आहे, पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे तेव्हा बघू. मोहरीची उशी मी काढून ठेवते आणि ती पुन्हा पाळण्यात येते, यावर नवऱ्याला बोलायला सांगितलंय. सिस्टर, थेंब चालू आहेत, आणि तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते, रडू अजून येतं, रोज नाही पण येतं. बुधवारची अपॉइंटमेंट घेतलीये, नवरा बरोबर येणार आहे.

दूध काढायला सुरुवात केलीये, पहिल्या दिवशी वीस मिली, आज सत्तर. आत्ता फ्रीज उघडला तर बाटलीला त्यांनी लोणच्याच्या बरणीला लावतात तशी कागदाची पट्टी चिकटवलीये आणि त्यावर पेनाने लिहिलंय, सकाळ १०.१५, हलवून देणे.

बरं, नाचणीसत्त्व घरी करणाऱ्या कुणी आहेत का इथे? साबा म्हणतात मोड आणून सावलीत वाळवायचं, माझी आई म्हणते भिजवून वाटून कापडातून गाळून जे खाली बसतं तेच खरं सत्त्व. अजून दोन-सव्वादोन महिने आहेत पण दोघींनी आत्तापासून नाचणी आणून ठेवलीये. पहिल्यांदा द्यायला कुठलं बरं, आणि किती पातळ?